पॅनेल गेलं? डोण्ट फॉरमॅट, बॉस!

कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जुन्या चार्जरच्या गुंत्याखाली एखादा लॅपटॉप पडलाय का? कॉलेजच्या लास्ट इयरला बाबांनी घेऊन दिलेला, किंवा पहिल्या बोनसमधून मोठ्या हौसेने घेतलेला? स्क्रीन ठणठणीत, कीबोर्ड ठणठणीत, पण चालू केला की पंख्याचा आवाज मिक्सरसारखा, आणि डेस्कटॉप दिसेपर्यंत चहा पिऊन कप धुऊनही होतो. असेल, तर मंडळी, आजचा कॉलम खास त्याच्यासाठी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट बंद केला. विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सिक्युरिटीची सोय लागते आणि प्रोसेसर त्यांच्या यादीतला लागतो. २०१५-१६ च्या सुमाराचे बहुतेक लॅपटॉप त्या यादीत नाहीतच. म्हणजे मशीन धडधाकट, पण वयोमर्यादा ओलांडली म्हणून घरी बसवलेलं! मग पर्याय दोन. एक, नवा लॅपटॉप आणि त्याचा ईएमआय. दोन, लिनक्स आणि त्यावर एखादा हलकाफुलका डेस्कटॉप.

दुसऱ्या पर्यायाबद्दल उत्साहाने बोलणारा एक तरी मित्र प्रत्येक ऑफिसात असतो. तो पेन ड्राइव्ह घेऊन येतो, तासाभरात सगळं इन्स्टॉल करून देतो, समोसा खातो आणि जातो. खरी गंमत पुढच्या मंगळवारी होते. लॅपटॉप चालू केला, तर खालची पट्टीच गायब! मेनू नाही, घड्याळ नाही, वाय-फायचं चिन्ह नाही. मित्र फोन उचलत नाही. आणि मग डोक्यात एकच विचार येतो, ‘फॉरमॅट मारू या का?’

थांबा. बहुतेक वेळा या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. फक्त हा डेस्कटॉप आतून कसा बनलाय तेवढं माहीत हवं. आणि एकदा ते कळलं, की डेस्कटॉप दुरुस्त करणं आणि त्याला आपल्या मर्जीप्रमाणे नटवणं, हे एकाच कामाचे दोन भाग आहेत हेही कळतं.

हे एक्सएफसीई प्रकरण काय आहे?

हलक्या डेस्कटॉपमध्ये एलएक्सक्यूटी आहे, माटे आहे, पण आज आपण एक्सएफसीई घेऊ. कारण तो जुना आहे, स्थिर आहे आणि लिनक्स मिंट, झुबंटू अशा सोप्या लिनक्सबरोबर तयार मिळतो. याची सुरुवात १९९६ मध्ये ऑलिव्हिए फूर्दां यांनी केली. त्या काळी महागड्या युनिक्स मशीनवर सीडीई नावाचा डेस्कटॉप असायचा, त्याच्यासारखं काहीतरी लिनक्सवर फुकटात असावं हा उद्देश. नावातला ‘एक्सएफ’ आला एक्सफॉर्म्स या टूलकिटवरून. १९९९ मध्ये एक्सफॉर्म्स सोडून सगळं जीटीकेवर नव्याने लिहिलं गेलं. आता त्या नावाचा फुल फॉर्म कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही!

२००३ मध्ये एक्सएफसीई ४.० आला. तेव्हापासून पहिला आकडा चारच आहे. ४.१८ डिसेंबर २०२२ मध्ये आला आणि ४.२० डिसेंबर २०२४ मध्ये. मंडळी घाईत नाहीत. पण याच संथपणामुळे आज शिकलेली गोष्ट पाच वर्षांनीही तिथेच सापडते. दर अपडेटला स्टार्ट मेनू कुठे पळाला ते शोधायचा वैताग नाही. थोडं गॉसिपही सांगतो. २०११ मध्ये जीनोम ३ चं नवं रूप न पटल्याने खुद्द लिनस टोरवाल्ड्स काही काळ एक्सएफसीईवर आले होते. पुढे ते परत जीनोमकडे गेले, पण लिनक्सच्या जन्मदात्यालाही इथे मुक्काम करावासा वाटला, हे काय कमी आहे?

सोसायटीचा फंडा

आता आजचा मुख्य फंडा. एक्सएफसीई म्हणजे एकच अवाढव्य प्रोग्राम नाही. ती एक सोसायटी आहे. प्रत्येकाचं काम ठरलेलं, प्रत्येकजण वेगळा. ओळख करून घेऊ.

एक्सएफसीई४-पॅनेल हे गेटवरचं केबिन. मेनू, घड्याळ, चालू खिडक्यांची बटणं, आवाज, बॅटरी सगळं याच्याकडे.

एक्सएफडब्ल्यूएम४ म्हणजे सुतार. प्रत्येक खिडकीला चौकट बसवणं, तिला हलवणं, लहान-मोठी करणं हे याचं काम. फुली मारायचं बटणही त्या चौकटीतच असतं.

एक्सएफडेस्कटॉप म्हणजे रंगारी. वॉलपेपर, डेस्कटॉपवरचे आयकॉन आणि तिथे राइट क्लिक केल्यावर येणारा मेनू याच्या हातात.

एक्सएफसेटिंग्जडी म्हणजे सेक्रेटरी. थीम कुठली, फॉण्ट कुठला, कोणत्या शॉर्टकटला काय उघडायचं, हे नियम तो लागू करतो.

एक्सएफसीई४-सेशन हा सकाळी हजेरी घेणारा मॅनेजर. लॉगिन केल्यावर कोणाकोणाला कामावर बोलवायचं ते तो ठरवतो.

थुनार हा स्टोअरकीपर, म्हणजे फाइल मॅनेजर. आणि एक्सएफकॉन्फ हे सोसायटीचं रजिस्टर. तुम्ही केलेलं बहुतेक सेटिंग त्यात साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

कळलं ना? आता डेस्कटॉप ‘बिघडला’ असं म्हणायचंच नाही. आज कोण कामावर आलं नाही, एवढंच विचारायचं. वॉचमन रजेवर गेला म्हणून आपण बिल्डिंग पाडतो का? फॉरमॅट म्हणजे नेमकं तेच.

हजेरी घ्या, बॉस!

पट्टी गायब आहे? मग केबिन बंद आहे. अल्ट आणि एफ२ दाबा. छोटी खिडकी उघडेल, त्यात एक्सएफसीई४-पॅनेल असं टाइप करा. अर्थात इंग्रजीत, सगळी छोटी अक्षरं, मध्ये स्पेस न देता आणि आडवी रेघ देऊन. एंटर. पट्टी हजर!

हे करूनही दिसली नाही, तर ती चालू असेल, पण भलत्या जागी. समजा, काल तुम्ही लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला होता आणि पट्टी तिकडे नेली होती. आज मॉनिटर नाही, तर पट्टीही नाही. डेस्कटॉपवर राइट क्लिक करा, अ‍ॅप्लिकेशन्समधून सेटिंग्ज, तिथे पॅनेल. त्यात ‘आउटपुट’ म्हणून पर्याय आहे, तो प्रायमरीवर ठेवा. तिथेच ‘ऑटोमॅटिकली हाइड’ बघा. अनेकदा पट्टी हरवलेली नसते, बिचारी लपलेली असते. सगळं जागेवर आलं की ‘लॉक पॅनेल’वर टिक करा, म्हणजे चुकून माऊसने ओढली जाणार नाही.

कधी कधी मेसेज येतो, की अमुक प्लगइन अचानक पॅनेल सोडून गेलं, पुन्हा चालू करू का? एकदा करा. दर वेळी तोच मेसेज येत असेल, तर त्या प्लगइनला सरळ निरोप द्या. हवामान दाखवणाऱ्या एका चिमुकल्या चिन्हापायी अख्खी पट्टी आजारी ठेवण्यात काय अर्थ?

खिडक्यांच्या डोक्यावरची पट्टी गेली? फुलीचं बटण नाही, खिडकी हलत नाही, एकीवर एक चढून बसल्यात? सुतार गैरहजर. अल्ट-एफ२ मध्ये एक्सएफडब्ल्यूएम४, मग स्पेस, दोन आडव्या रेघा आणि लगेच रिप्लेस. टाइपच होत नसेल, तर पॅनेल माऊसवर चालतं, तिथून लॉगआऊट करून परत या.

अचानक सगळं १९९८ सालासारखं दिसायला लागलं? करडी बटणं, बेढब फॉण्ट? सेक्रेटरी झोपलाय. इथे एक गोम आहे. अल्ट-एफ२ सारखे शॉर्टकटही हाच सांभाळतो, त्यामुळे तो झोपला की तेही चालत नाहीत. मग डेस्कटॉपवर राइट क्लिक करून टर्मिनल उघडा आणि एक्सएफसेटिंग्जडी टाइप करा. रंगरूप परत.

वॉलपेपर आणि आयकॉन गायब, राइट क्लिकही चालत नाही? हा रंगारी. अल्ट-एफ२, एक्सएफडेस्कटॉप.

आता सगळ्यात चावट प्रॉब्लेम. रोज दुरुस्त करता, रोज सकाळी तेच! हा मॅनेजरचा प्रताप. लॉगआऊटच्या खिडकीत खाली एक टिक असते, ‘सेव्ह सेशन फॉर फ्यूचर लॉगिन्स’. म्हणजे आत्ता जे चालू आहे, तीच हजेरी पुढच्या वेळी घे. सुतार गैरहजर असतानाच हे सेव्ह झालं, तर मॅनेजर दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावतच नाही! सेटिंग्जमध्ये ‘सेशन अ‍ॅण्ड स्टार्टअप’ उघडा, तिथे सेव्ह केलेली सेशन्स काढून टाका आणि लॉगआऊटच्या खिडकीतली ती टिकही काढा.

नवा भाडेकरू टेस्ट

काहीच कळत नाहीये, सगळंच विचित्र वागतंय? मग ही टेस्ट करा. सेटिंग्जमधून एक नवा युजर तयार करा. नाव काहीही द्या. लॉगआऊट करून त्या नावाने आत जा.

तिथे सगळं व्यवस्थित चाललं, तर सिस्टिम ठीक आहे, गडबड तुमच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये आहे. तिथेही तोच गोंधळ असेल, तर तुमची सेटिंग्ज निर्दोष. मग संशय ग्राफिक्स ड्रायव्हरवर, नुकत्याच आलेल्या अपडेटवर किंवा हार्डवेअरवर घ्यायचा. पाच मिनिटांच्या टेस्टने अर्धा तपास संपतो.

दोष सेटिंग्जचाच निघाला, तर आपल्या युजरमध्ये या आणि थुनारमध्ये होम फोल्डर उघडून कंट्रोल-एच दाबा. लपलेले फोल्डर दिसतील. नावाआधी टिंब असलेला ‘कॉन्फिग’ फोल्डर उघडा, आत ‘एक्सएफसीई४’ नावाचा फोल्डर आहे. तो डिलीट करू नका! फक्त त्याचं नाव बदला, मागे ‘ओल्ड’ लावा आणि लगेच रीस्टार्ट करा. डेस्कटॉप नव्या नवरीसारखा कोरा करकरीत उभा राहील. तुमचे फोटो, फाइल्स, गाणी, सगळं जागच्या जागी. समाधान झालं नाही, तर जुना फोल्डर आहेच.

घरोघरी होणाऱ्या बारीकसारीक कटकटी

टचपॅडवर टॅप केलं तर क्लिक होत नाही? ‘माऊस अ‍ॅण्ड टचपॅड’मध्ये टचपॅडचा टॅब, तिथे टॅपची टिक.

खिडकी लहान-मोठी करायला तिची कड पकडताच येत नाही? ही एक्सएफसीईची जुनी खोड. कड इतकी बारीक, की माऊस पकडून पकडून बोट दुखतं. कड सोडा. अल्ट दाबून ठेवा आणि खिडकीत कुठेही राइट क्लिक धरून ओढा, आकार बदलेल. लेफ्ट क्लिक धरून ओढली, तर खिडकी सरकेल. एकदा सवय लागली की ऑफिसच्या मशीनवरही हात आपोआप अल्टकडे जातो.

सिनेमा बघताना चित्र मधेच आडवं फाटल्यासारखं दिसतं? ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये कंपोझिटरचा टॅब आहे. तिथे डिस्प्ले कंपोझिटिंग बंद असेल तर चालू करून बघा, चालू असेल तर बंद करून. ज्यात चित्र नीट दिसेल ते ठेवा.

वाय-फायच दिसत नाही? काही जुन्या लॅपटॉपमधल्या, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, वाय-फाय कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो डाउनलोड करायला नेट लागतं. म्हणजे किल्ली कुलपाच्या आत! उपाय सोपा आहे. फोन यूएसबी केबलने जोडा, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा. नेट आलं की मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, तो योग्य ड्रायव्हर सुचवतो.

आता मेकअप!

हजेरी जमली? मग आता मजा. कारण ज्या ज्या गोष्टी बंद पडू शकतात, त्या त्या बदलताही येतात.

सुरुवात पॅनेलपासून. पॅनेलवर राइट क्लिक, पॅनेल प्रेफरन्सेस. पट्टी वर न्या, खाली न्या, डावीकडे उभी करा. रुंद स्क्रीनच्या लॅपटॉपवर उभी पट्टी झक्कास दिसते आणि एक्सेलच्या दोन ओळी जास्त मावतात. ‘आयटम्स’मध्ये नवे प्लगइन जोडता येतात. क्लिपमॅन आवर्जून घ्या. तो तुम्ही कॉपी केलेल्या जुन्या गोष्टी लक्षात ठेवतो, त्यामुळे तीन वेगवेगळ्या वाक्यांसाठी तीनदा पळापळ नाही. मेनूसाठी ‘व्हिस्कर मेनू’ घ्या. त्यात नाव टाइप करून अ‍ॅप शोधता येतं.

थीम बदलताना मात्र हमखास एक गोंधळ होतो. सगळा डेस्कटॉप काळा केला, पण खिडक्यांच्या डोक्यावरच्या पट्ट्या पांढऱ्याच! का? सोसायटी आठवा. खिडकीच्या आतला रंग ‘अपिअरन्स’मध्ये ठरतो, चौकटीचा रंग ‘विंडो मॅनेजर’मध्ये. सुतार वेगळा आहे ना! म्हणून एकाच नावाची थीम दोन्हीकडे निवडायची. ग्रेबर्ड, आर्क अशा थीमना दोन्ही भाग असतात. आयकॉनसाठी पपायरस बघा, एकदम फ्रेश.

चष्म्याचा नंबर वाढलाय आणि अक्षरं बारीक दिसतात? ‘अपिअरन्स’मध्ये फॉण्टचा टॅब, तिथे ‘कस्टम डीपीआय’ची टिक करा. नेहमीचा आकडा ९६ असतो. तो हळूहळू वाढवा, ११० किंवा १२० वर बहुतेकांचे डोळे सुखावतात. तिथेच अ‍ॅण्टी-अलायझिंग चालू आहे ना, तेही बघा. फॉण्टच्या कडा गुळगुळीत होतात.

थुनारमध्ये दोन खजिने आहेत. पहिला म्हणजे बल्क रिनेम. गोव्याच्या ट्रिपचे तीनशे फोटो एकदम सिलेक्ट करा, एफ२ दाबा आणि सगळ्यांना ‘गोवा-१, गोवा-२’ अशी नावं एका फटक्यात द्या. दुसरा, कस्टम अ‍ॅक्शन्स. राइट क्लिकच्या मेनूत आपली स्वतःची कामं जोडायची सोय. ‘फोटो मेलसाठी लहान कर’ असं बटण तुम्ही स्वतः बनवू शकता.

मेकअप करताना दोन नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला. दहा गोष्टी एकदम बदलल्या आणि काहीतरी बिनसलं, तर दहा संशयित! दुसरा नियम, मेकअप जमला की त्याचा फोटो काढून ठेवा. म्हणजे खराखुरा फोटो नव्हे हां. ‘पॅनेल प्रोफाइल्स’ नावाचं छोटं टूल सॉफ्टवेअर मॅनेजरमधून मिळतं, ते तुमच्या पट्टीची मांडणी सेव्ह करतं आणि हवी तेव्हा परत आणतं. त्यात काही तयार मांडण्याही आहेत. एकीचं नाव ‘रेडमंड’. मायक्रोसॉफ्टचं गाव! अर्थात, विंडोजसारखी दिसणारी. आणि अख्ख्या सिस्टिमसाठी मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे. मोठा अपडेट घेण्याआधी त्यात एक स्नॅपशॉट घ्या. फक्त लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट सिस्टिम वाचवतं. तुमच्या लग्नाच्या फोटोंची जबाबदारी तुमचीच, ते बाहेरच्या डिस्कवर हवेतच.

मराठीचं काय?

चालते, आणि मस्त चालते. वेबसाइटवर मराठीऐवजी चौकोन दिसत असतील, तर फक्त फॉण्ट नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा लोहित देवनागरी टाका, चौकोन गेले.

टायपिंगसाठी ‘कीबोर्ड’ सेटिंगमध्ये ‘लेआऊट’चा टॅब उघडा. ‘यूज सिस्टिम डिफॉल्ट्स’ बंद करा आणि मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट येत असेल तर तो निवडा. रोमनच्या अंदाजाने टाइप करायचं असेल, तर कागपा फोनेटिक बघा. पॅनेलवर ‘कीबोर्ड लेआऊट्स’ प्लगइन टाकलं, की एका क्लिकवर मराठी, एका क्लिकवर इंग्रजी.

फोनेटिक टायपिंगचे आणखी प्रकार हवे असतील, तर आयबस आणि त्याचं एम१७एन पॅकेज आहे. पण इथे एक भांडण होतं. आयबसला वाटतं कीबोर्ड माझ्या ताब्यात, एक्सएफसीईला वाटतं माझ्या. परिणाम असा, की तुम्ही मराठी निवडता आणि दोन मिनिटांत आपोआप इंग्रजी होतं. एकाच्याच हातात किल्ल्या द्या. आयबस वापरत असाल, तर एक्सएफसीईच्या लेआऊटमध्ये फक्त इंग्रजी ठेवा आणि मराठी आयबसकडे सोपवा.

हलकं म्हणजे नक्की किती हलकं?

इथे थोडं खरं बोलू या. डेस्कटॉप हलका झाला म्हणून ब्राऊजर हलका होत नाही. लिनक्स मिंटला किमान २ जीबी रॅम लागते आणि आरामात वापरायला ४ जीबी असावी, असं मिंटचे लोक स्वतःच सांगतात. पण २ जीबीवर पंचवीस टॅब उघडून व्हिडिओ कॉल करणार असाल, तर कुठलाच डेस्कटॉप तुम्हाला वाचवणार नाही. एक्सएफसीई स्वतः कमी खातो आणि उरलेली रॅम तुमच्या कामाला सोडतो, एवढंच त्याचं काम.

म्हणून थोडे पैसे टाकायची तयारी असेल, तर आधी जुनी फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. जुन्या लॅपटॉपला जो फरक थीम बदलून, इफेक्ट बंद करून कधीच पडत नाही, तो यातून पडतो. त्यानंतर जागा असेल तर रॅम. नव्या लॅपटॉपच्या ईएमआयपुढे हा खर्च किरकोळ आहे.

हे कोणी करू नये?

ऑफिसच्या लॅपटॉपवर तर अजिबात नको. तो तुमचा नाही, आणि आयटीवाल्यांना नंतर काय सांगणार? घरच्या मशीनवरही आधी हिशोब करा. वडील टॅलीवर सोसायटीचे हिशेब ठेवत असतील, आईकडे श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या फाइल्स असतील, बहीण फोटोशॉपवर काम करत असेल, तर त्या मशीनला हात लावू नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉण्टमधल्या फाइल्स दुसरीकडे उघडल्या, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आधी त्या युनिकोडमध्ये करून घ्या, मग पुढचं.

आणि ज्यांना करायचंय, त्यांनी थेट इन्स्टॉलच्या बटणावर उडी मारायची गरज नाही. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, मिंटची एक्सएफसीई आवृत्ती त्यावर चढवा आणि लॅपटॉप पेन ड्राइव्हवरून चालू करा. हार्ड डिस्कला धक्का न लावता पूर्ण डेस्कटॉप वापरून बघता येतो. पेन ड्राइव्हवरून थोडा संथ चालेल, त्यावर जाऊ नका. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, टचपॅड ऐकतो का, एवढं तपासा. मग पॅनेल मुद्दाम इकडे तिकडे हलवा, थीम बदला, सुताराला सुट्टी देऊन परत बोलवा. काही बिघडलं तरी रीस्टार्ट केल्यावर सगळं कोरं. ड्रायव्हिंग शिकायला रिकामं मैदान मिळावं, तसं.

एवढी प्रॅक्टिस झाली, की पेन ड्राइव्हवाल्या मित्राला फोन करायची वेळ फारशी येणार नाही. उलट ऑफिसात कोणाची तरी पट्टी गायब होईल, तो ‘फॉरमॅट’ म्हणत कपाळाला हात लावेल, आणि तुम्ही शांतपणे अल्ट-एफ२ दाबाल. समोसा मात्र नक्की मागून घ्या!